भन्तेजींचं ताट

दवाखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणत, पण तिच्या माघारी तिचं नाव भिंगरी होतं. ते पेशंटांनी ठेवलं की झाडलोटीच्या मावशींनी, कुणालाच सांगता आलं नसतं. शोभत मात्र फार होतं. ती कुणाला कधी उभी दिसायचीच नाही. उशाशी ताट ठेवायची, उशी सारखी करायची, "गरम आहे, सावकाश," म्हणायची आणि ते शब्द पेशंटच्या कानावर पडेपर्यंत पुढच्या खाटेपाशी पोचलेली असायची. आभार मानायला कुणी तोंड उघडावं, तर समोर नुसता पडदा हलताना दिसायचा.

घाई तिच्या रक्तातच होती, पण थोडी तिला शिकवलीही होती. हा दवाखाना कॅथलिक धर्मभगिनींचा. ज्या थोरल्या मदरनी तो एका पडक्या गोदामात सुरू केला, त्या तरुण भगिनींना एकच गोष्ट परत परत सांगायच्या. आजारी माणूस आधीच वाकलेला असतो, त्याला आभारासाठी आणखी वाकवू नका. ताट ठेवा आणि पाठ फिरवा. मदर जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी इथल्या प्रत्येक भगिनीच्या अंगात ही सवय मुरलेली होती. भिंगरीच्या तर जरा जास्तच.

अशा या भिंगरीच्या वॉर्डात एके दिवशी जवळच्या बुद्धविहारातल्या माणसांनी आपल्या म्हाताऱ्या भन्तेजींना आणून ठेवलं.

भन्तेजी विहाराच्या पायरीवरच कोसळले होते. पोटात गाठ निघाली. गाठ काढता येण्यासारखी होती, पण मोठे सर्जन परगावाहून दर गुरुवारी येत, आणि त्यांनी भन्तेजींचा हात चाचपून मान हलवली. "यांच्या अंगात रक्त कुठाय? पुढच्या गुरुवारपर्यंत चार घास पोटात जाऊ देत, मग कापू. नाहीतर शहरात पाठवावं लागेल. आणि तो रस्ता यांना झेपेल असं मला तरी वाटत नाही."

मोठ्या सिस्टर, म्हणजे दवाखान्याच्या प्रमुख, भिंगरीकडे वळल्या. "यांचं खाणंपिणं तुझ्याकडे."

भन्तेजींना पोचवायला विहारातल्या रात्रशाळेच्या बाई आल्या होत्या. जाताना त्यांनी बजावलं, "भन्तेजी दुपारी बारानंतर जेवत नाहीत. तेवढं सांभाळा." आणखी काही सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. जे आपल्या घरात रोजचं असतं, ते दुसऱ्याला ठाऊक नसेल असं कुणाला वाटतं?

हे बारा वाजण्याचं मात्र दवाखान्याने अगदी मनावर घेतलं. स्वयंपाकघर बाकीच्यांसाठी एक वाजता ताटं वाढायचं, पण भन्तेजींसाठी वेगळी चूल आधी पेटू लागली. मऊ भात, उकडलेल्या भाज्या, सूप. भिंगरी ते ताट घेऊन वाऱ्यासारखी यायची, खाटेजवळच्या टेबलावर ठेवायची, "गरम आहे, सावकाश," आणि गायब.

पहिल्या दिवशी ताट जसंच्या तसं परत आलं. भिंगरीला वाटलं, नवी जागा आहे, माणूस बुजला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली.

"भन्तेजी, भूक नाही का?" तिने विचारलं.

"आहे की."

"मग आवडलं नाही?"

"छान वास येतो."

"मग जेवला का नाहीत?"

भन्तेजी हसले. म्हातारपणी काही माणसांचं हसू लहान मुलासारखं होतं, तसं. पण उत्तर काही आलं नाही.

डॉक्टरांनी तेच प्रश्न विचारले, त्यांनाही तेच हसू मिळालं. त्यांनी भिंगरीला बाजूला घेतलं. "अशक्तपणाने डोकं भरकटतं कधीकधी. उद्यापर्यंत बघू, नाहीतर नळी घालू." औषधाची गोळी मात्र भन्तेजी मुकाट्याने घ्यायचे. भिंगरी गोळी तळहातावर ठेवायची, ते गिळायचे. हे तिच्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं, आणि डोळ्यांसमोर घडतं त्याकडेच माणसाचं लक्ष नसतं.

शेजारच्या खाटेवर एक बसड्रायव्हर होता. त्याचा पाय वजनं लावून टांगलेला, त्यामुळे शरीर जागेवर आणि जीभ मोकळी. परत जाणाऱ्या ताटावर त्याचा डोळा असायचा. "अन्न वाया घालवू नये, सिस्टर," म्हणत तो मावशींकडून ते आपल्या पुढ्यात ओढून घेई. भन्तेजी वाळत होते आणि ड्रायव्हरचे गाल वर येत होते.

"एक बोलू का?" तोंडातला घास गिळत तो म्हणाला. "तुमच्या हातचं त्यांना चालत नसेल."

"काहीतरीच."

"मी आपलं म्हटलं. तुमचा धर्म वेगळा, त्यांचा वेगळा. तोंडावर कोण सांगतं?"

तो गमतीत बोलून गेला, पण भिंगरीच्या डोक्यात किडा सोडून गेला. दिवसभर ती तापलेल्या तव्यावर असल्यासारखी फिरली. एकाच चादरीची घडी दोनदा मोडली, थर्मामीटर खिशात घेऊन थर्मामीटर शोधत बसली. आपण याच लोकांच्यात राहतो, त्यांच्यासारखे सुती कपडे घालतो, त्यांच्या बाळंतपणाला धावतो, दवाखान्याला रक्त लागलं की पहिली रांग विहारातल्या पोरांची लागते. आणि एवढं सगळं होऊन माणूस मरायला टेकला तरी आपल्या हातचा घास त्याला नको?

संध्याकाळी भेटायच्या वेळेला शाळेच्या बाई आल्या, तेव्हा भिंगरीने त्यांना जिन्यातच गाठलं.

"तुमच्या भन्तेजींना आमच्या हातचं चालत नाही का? चालत नसेल तर तसं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही." तिला आत्ताच वाईट वाटत होतं, हे जिन्याच्या कठड्यालासुद्धा कळलं असतं.

बाई बघतच राहिल्या. "अहो, ते आयुष्यभर ज्याच्या त्याच्या दारातलं खात आलेत. तुम्ही बाराच्या आत नेता ना?"

"पुष्कळ आधी."

"मग मलाच कळेना." बाई आत जाऊन भन्तेजींशी बराच वेळ बोलल्या. भन्तेजींनी त्यांना इथली स्वच्छता, इथलं सूप, इथली मायेची माणसं, सगळ्याची तारीफ ऐकवली. जेवत नाही याबद्दल चकार शब्द नाही. बाई डोळे पुसत बाहेर आल्या. भिंगरीला चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळीच गडबड उडाली. रक्त तपासणारा माणूस आला होता आणि त्याने आपल्या काचेच्या नळ्या भन्तेजींच्या टेबलावर पसरल्या होत्या. भिंगरी एका हातात ताट, दुसऱ्या हातात सलाइनची बाटली घेऊन आली. टेबलावर बोटभर जागा नाही. तेवढ्यात समोरच्या खाटेवरचा पेशंट उलटी करू लागला. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि ताट सरळ भन्तेजींपुढे केलं.

"धरा हो जरा."

भन्तेजींनी दोन्ही हात पुढे करून ताट घेतलं.

पेशंटला सावरून, बाटली अडकवून, हात धुऊन ती वळली, तर भन्तेजी जेवत होते. घास लहान, पण एकामागून एक. भिंगरी तशीच मागे सरकून पडद्याआड गेली. आपण श्वास घेतला तर म्हाताऱ्याचा हात थांबेल, अशी काहीतरी वेडी भीती तिला वाटली.

त्या दिवशी तिचा आनंद गगनात मावेना. दुसऱ्या दिवशी तिने तीच भाजी करवून घेतली, तेच ताट, तीच वाटी. आणून टेबलावर ठेवलं, "गरम आहे, सावकाश," आणि दाराआडून पाहत राहिली. भन्तेजी ताटाकडे बघत होते. ताट भन्तेजींकडे बघत होतं. मावशी आल्या आणि भरलेलं ताट उचलून चालत्या झाल्या.

भिंगरीचं अवसानच गळालं. काल काय वेगळं होतं? भाजीत मीठ? हवा? नळ्या मांडणारा माणूस? गुरुवार जवळ येत होता आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी ती ड्रायव्हरच्या खाटेपाशी गेली.

"काल तुम्ही इथेच होता. काय झालं होतं काल?"

"मी जाणार कुठे? पाय टांगलाय माझा." ड्रायव्हरने आठवल्यासारखं केलं. "काल तुम्ही त्यांच्या हातात ताट कोंबलंत. आम्हाला तर कधी हातात दिलं नाही. आमचं आपलं टेबलावर. मांजराला बशी ठेवतात तसं."

भिंगरी जागच्या जागी थिजली. तिला ती गोळी आठवली, तळहातावरची. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि धूम ठोकली.

स्वयंपाकघरात मावशी ताट रिकामं करायच्या बेतात होत्या. "थांबा, थांबा," म्हणत तिने ते हिसकावलं. वॉर्डात परत येईपर्यंत सूप थोडं सांडलं. भन्तेजींच्या खाटेपुढे येऊन तिने ताट दोन्ही हातांनी पुढे धरलं, आणि पुढे काय करायचं हे माहीत नसल्यामुळे उभी राहिली.

भन्तेजींनी तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश उठून बसले. खांद्यावरचं चीवर, म्हणजे अंगावरचं ते भगवं वस्त्र, नीट केलं. एक टोक घसरलं, ते पुन्हा घेतलं. भिंगरीच्या पायांना मुंग्या आल्या. बायकांच्या वॉर्डातली घंटा वाजली. तिचा डावा पाय आपसूक तिकडे वळला, तिने तो परत आणला. घड्याळाचे दोन्ही काटे एकमेकांना चिकटायला निघाले होते. लवकर घ्या हो, असं तिला ओरडावंसं वाटलं.

भन्तेजींनी दोन्ही हातांनी ताट घेतलं आणि जेवायला लागले.

जेवण संपल्यावर ते हलक्या आवाजात काहीतरी म्हणू लागले. आशीर्वादाची गाथा असावी. ती बरीच लांब होती. भिंगरीला आयुष्यात एवढा वेळ कुणी एका जागी उभं केलं नव्हतं. गाथा संपली तशी ती म्हणाली, "हातात द्यावं लागतं, असंच ना?"

"हो. आम्हा भिक्खूंना ठेवलेलं उचलून घेता येत नाही. दिलेलंच घेता येतं."

"मग सांगितलं का नाहीत? एवढे दिवस?"

"सांगणं म्हणजे मागणंच झालं असतं."

"पण आजारी माणसाने मागितलं तर काय बिघडतं?"

"काही बिघडत नाही. आजाऱ्याला आमच्यात सवलत आहे."

"मग?"

भन्तेजींनी जरा विचार केला. "मग काय. म्हातारा हट्टी आहे."

पलीकडून ड्रायव्हर खो खो हसला आणि टांगलेला पाय हलल्यामुळे लगेच कळवळला.

त्या दिवसापासून भिंगरी ताट हातात द्यायला आणि समोर उभी राहायला लागली. पण त्याने तिची घालमेल कमी झाली नाही, उलट वाढली. आपण थोरल्या मदरचा शब्द मोडतोय असं तिला वाटे. मोठ्या सिस्टरनी तिला एकदा तशी उभी पाहिली आणि भुवया वर केल्या, तेव्हा तर तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. संध्याकाळी ती आपणहूनच त्यांच्या खोलीत गेली.

"मी उभी राहते तिथे. ते आशीर्वाद देतात, तो ऐकते. मदरना आवडलं नसतं."

मोठ्या सिस्टर चष्मा पुसत होत्या. "तू मदरना पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. सुरुवातीला त्या पायघोळ झगा घालायच्या आणि डोक्यावर हे एवढं कडक कापड. लहान मुलं बघून पळायची, बायका आत येईनात. एक दिवस मदर बाजारात गेल्या आणि सगळ्या घालतात तसलं सुती कापड घेऊन आल्या. वरून विचारणा झाली. मदर म्हणाल्या, झग्याला भिऊन माणूस दारातून परत जात असेल, तर झगा कपाटात राहील." त्यांनी चष्मा लावला. "तू जेवायला घालतेयस ना त्यांना? मग घाल."

भिंगरीने हे दुसऱ्या दिवशी भन्तेजींना सांगितलं. ताट देऊन झाल्यावर आता ती दोन शब्द बोलायलाही लागली होती, एका पायावर का होईना.

"तुमच्या मदरनी आणखी एक केलं होतं," भन्तेजी म्हणाले. "प्रार्थनेच्या खोलीतली बाकं काढून टाकली. इथले लोक जमिनीवर बसतात, आपणही जमिनीवर बसू म्हणाल्या."

"तुम्हाला कसं माहीत?"

"कारण ती बाकं आम्ही घेतली. आमच्या विहारात गिरणीतली म्हातारी माणसं यायची, त्यांना गुडघ्यांनी खाली बसवेना."

"आणि नेली मी," ड्रायव्हर म्हणाला. "तेव्हा टेंपो होता माझा. त्या बाकांना खाली फळी आहे, गुडघे टेकायची. विहारात मी विचारलं, ही काढू का? तर म्हणाले, राहू दे."

"रात्रशाळेची मुलं त्यावर दप्तरं ठेवतात," भन्तेजी म्हणाले.

भिंगरीला हसू आलं. मग ती गंभीर झाली. "भन्तेजी, आम्हाला शिकवलंय, आभार घ्यायला थांबू नका. म्हणून मी पळते. तुमच्यापुढे थांबावं लागतं. मला चोरासारखं वाटतं."

"मी तुमचे आभार मानले का कधी?"

तिने आठवून पाहिलं. खरंच, एवढ्या दिवसांत एकदाही नाही.

"आमच्यात घेणारा आभार मानत नाही," ते म्हणाले. "तुमच्या मदरना भीती होती की घेणारा वाकेल. आमच्या थोरांनाही तीच होती. मदरनी देणाऱ्याला पळायला सांगितलं, आमच्या थोरांनी घेणाऱ्याला गप्प राहायला सांगितलं. तुम्ही इथे उभ्या राहिलात म्हणून काही जास्तीचं घेत नाही आहात."

बायकांच्या वॉर्डातली घंटा वाजली आणि ती पळाली.

गुरुवारी सर्जन आले, रक्ताचा कागद पाहिला, भन्तेजींच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "घ्या आत." ऑपरेशन चालू असताना भिंगरीने वॉर्डातल्या सगळ्या खिडक्यांच्या काचा पुसल्या, ते तिचं काम नसतानाही. मग पुन्हा पहिल्या खिडकीपासून सुरुवात केली. गाठ निघाली. सर्जन हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "उद्या पोटात थोडं पातळ गेलं पाहिजे. गेलं तर म्हातारा आपला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सूप आणलं, तर भन्तेजी गाढ झोपेत होते. भुलीचा अंमल पुरता उतरला नव्हता. हाक मारली, हलवलं, डोळे उघडेनात. सूप निवलं, तिने गरम करून आणलं, पुन्हा निवलं. घड्याळात बारा वाजले आणि वाजून गेले.

मावशी हळहळल्या. "गेली आजची वेळ. आता ते उद्यापर्यंत काही घ्यायचे नाहीत."

भिंगरीने निवलेलं सूप उचललं. ती स्वयंपाकघरात गेली आणि ग्लास घेऊन आली. काल संध्याकाळी शाळेच्या बाईंना तिने पुन्हा जिन्यात गाठलं होतं, आणि या खेपेला बाईंकडून सगळं खोदून खोदून काढून घेतलं होतं. बारानंतर काय चालतं, काय नाही. फळांचा गाळलेला रस चालतो. मध चालतो.

ती ग्लास दोन्ही हातांत धरून खाटेपुढे उभी राहिली.

बायकांच्या वॉर्डातली घंटा वाजली. "मी धरते, तुम्ही जा," मावशी म्हणाल्या. भिंगरीने नुसती मान हलवली आणि मावशींनाच तिकडे पिटाळलं. घंटा पुन्हा वाजली. तिच्या मनगटांना रग लागली. तिने कोपर पोटाशी टेकवले. आपल्याला बोलावत असतील, काहीतरी सांडलं असेल, कुणाची सुई निघाली असेल, अशी शंभर कामं तिच्या डोक्यात फेर धरू लागली. पाय मात्र तिने हलवले नाहीत.

बऱ्याच वेळाने भन्तेजींच्या पापण्या हलल्या. त्यांची नजर आधी तिच्यावर आली, मग भिंतीवरच्या घड्याळावर गेली, आणि त्यांनी अगदी थोडी मान हलवली. नाही.

"रस आहे," भिंगरी घाईघाईने म्हणाली. "गाळलेला. मध घातलाय. विचारून आलेय मी."

भन्तेजींनी हात उचलायचा प्रयत्न केला. एका हातात सुई होती, दुसरा उचलवेना. ती खाली वाकली, ग्लास त्यांच्या तळव्याला लावला, सगळं वजन आपल्याच हातांवर ठेवलं आणि थांबली. त्यांची बोटं एक एक करून ग्लासाभोवती मिटली. मग ग्लास दोघांनी मिळून ओठांपर्यंत नेला.

रस संपायला फार वेळ लागला. तिने त्यांची हनुवटी पुसली, उशी सारखी केली. भन्तेजी पुन्हा झोपले, पण आता श्वास संथ आणि मोकळा चालला होता.

वळली तर ड्रायव्हरचं जेवण त्याच्या टेबलावर तसंच पडलेलं. एकची ताटं वाढून झाली होती, आणि त्याने अजून हात लावला नव्हता.

"काय झालं? आज वाया घालवताय?"

"नाही," ड्रायव्हर म्हणाला. त्याची नजर टेबलावरच्या ताटावरून तिच्या हातांकडे गेली.

भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने ताट उचललं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं. ड्रायव्हरने चादरीला हात पुसले, टांगलेल्या पायासकट जमेल तेवढा ताठ बसला आणि ताट घेतलं.

"गरम आहे का?" त्याने विचारलं.

"गार झालंय," ती म्हणाली. त्याचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत ती तिथे उभी राहिली. एक पाय मात्र तिचा दाराकडे वळलेला होता.